सब्ज्याला नाक लावायचं नसतं

आल्फामा, लिस्बन
बुधवार, ११ जून २०१४

फेलिस्मीना,

आधी आला तो मुलगा. घामाने निथळत, पाठीवर माणसाएवढी पिशवी, आणि आला तो थेट आपल्याच दाराशी. मी आत बटाटे सोलत होते, म्हणून तो पहिला दिसला इदालिनाला. समोरच्या खिडकीतली इदालिना, हो, तीच. अजून आहे, अजून तशीच कोपर टेकून बसते, फक्त आता कोपराखाली उशी घेते. तिने वरूनच सुनावलं, "खोली नाही इथे! खोल्या खालच्या गल्लीत!" हल्ली पाठीवर पिशवी दिसली की माणूस खोलीच शोधत असतो, त्यामुळे तिचंही चुकलं नाही. मुलगा हसला, फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. तशी ती ओरडली, "लिंदे, बाहेर ये गं! एक देखणा पोरगा हरवलाय. कुणी न्यायला आलं नाही तर मी ठेवून घेते!" सत्तरी उलटली तिची, बरं का.

त्याच्या मागून एक मुलगी पायऱ्या चढून आली. विहिरीकडच्या वळणावर थांबली, डावा हात कमरेवर ठेवला आणि गाल फुगवून श्वास सोडला. माझ्या हातातला बटाटा सुटला तो गडगडत खाली न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला. पाण्याच्या बादल्या आणताना त्याच वळणावर तू तसाच श्वास सोडायचीस. मी पुढचं ऐकायच्या आधीच ओळखलं.

"तुम्ही देओलिंदा आजी ना? मी नोएमी. ल्याँहून आले. फेलिस्मीनाची नात."

तर तुझी नात माझ्या घरात आहे. आत्ता अंघोळ करतेय. घरात. अंघोळीचं पुढे कधीतरी लिहीन.

बावीस वर्षांनी तुला पत्र लिहितेय तर ते असं बटाट्यापासून सुरू झालं. माझी शाळा तिसरीत सुटली ते तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पत्ता नोएमीनेच दिला, पण कशाला हवाय ते तिला सांगितलं नाही. कारण तिने मला बजावलंय, "आजीला कळवू नका. तिला वाटतंय आम्ही हॉटेलात उतरलोय आणि नुसतं शहर बघून परत येणार. कळलं तर चिडेल." मी शब्द दिला, सांगणार नाही. सांगत कुठे आहे, लिहितेय.

मुलाचं नाव बास्तियाँ. लग्न ठरलंय म्हणे, म्हणजे तुला माहीतच असेल. पाव चांगला खातो. कोबीच्या सुपाचे तीन वाडगे संपवले आणि चौथ्याकडे बघून लाजला. मला आवडला.

दुपारी म्हणाली, "आजी, किल्ला बघायचाय." तिच्या हातात रंगीत नकाशा, त्यावर गोल गोल खुणा. किल्ला, बेलेमचा बुरूज, पलीकडचा ख्रिस्ताचा पुतळा, सिंत्राचा राजवाडा. मी म्हटलं, "चल, मीही येते." इदालिना खिडकीतून म्हणाली, "तू? किल्ला बघायला? तिथे तर आपण लपाछपी खेळायचो." खरंच, गं. पण आता दारावर माणूस बसतो आणि तिकीट लागतं. लिस्बनच्या माणसाला मात्र फुकट. मी ओळखपत्र असं दाखवलं जसा काही किल्ला मीच बांधलाय.

वर मोर आहेत. एकाने बास्तियाँच्या हातातला बिस्किटाचा पुडा पळवला. तटावरून नदी दिसली, पूल दिसला, आणि पलीकडे हात पसरून उभा असलेला ख्रिस्त. नोएमीने विचारलं, "तुम्ही लहान असताना हा होता?" मी म्हटलं, "नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला." आपण दोघी त्याच भिंतीवर पाय सोडून बसायचो, आठवतं? नुसत्या परांच्या बांधलेल्या दिसायच्या आधी. मग पाय. मग छाती. तू म्हणायचीस, याला डोकं लावेपर्यंत आपली लग्नं होतील.

अंघोळ झाली वाटतं. उद्या संताची संध्याकाळ, तारल्या साफ करायच्यात. थांबवते.

देओलिंदा


शुक्रवार, १३ जून, संताचा दिवस

फेलिस्मीना,

डोळ्यांत अजून धूर आहे, तरी लिहिते, कारण हे आजच लिहायला हवं.

पण आधी ट्रामचं. काल सकाळी बेलेमला निघालो. वरून अठ्ठावीस नंबर पकडली, आत माणसं अशी कोंबलेली की एका जर्मन बाईच्या टोपीचं फूल माझ्या नाकात. चर्चच्या वळणावर ट्राम अडली. कुणीतरी गाडी रुळाला चिकटवून लावून गेलेला. ड्रायव्हर घंटा बडवतोय, परदेशी लोक फोटो काढताहेत, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. आणि तुझी नात खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "अरे माझ्या खारवलेल्या संता! कुणाचं गं हे गाढव?"

ट्राममधले आपले म्हातारे सगळे वळले. असं आता कुणी बोलत नाही इथे. ड्रायव्हरने टोपी काढली, म्हणाला, "माझी आजी असं म्हणायची." आईचे शब्द, फेलिस्मीना. आईच्या आवाजात, आईच्या त्या खेकसण्यासकट. ल्याँमध्ये तू कुणावर ओरडत होतीस गं असं, की पोरीने उचललं?

मग चार पुरुष उतरले, त्यात बास्तियाँ. एक दोन तीन करून गाडीचं बूड उचललं आणि भिंतीकडे सरकवली. ट्रामभर टाळ्या. तो परत आला तेव्हा एका आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "आता झालास लिस्बनचा. आता फक्त रांगेत तक्रार करायला शिक." मी मनात म्हटलं, पोरीने बरा शोधलाय.

बेलेमचा बुरूज जवळून पाहिला. बाबा गोदीतून त्याच्याबद्दल इतकं सांगायचे की मला वाटायचं केवढा मोठा असेल. छोटासाच आहे, गं! नदीत पाय घालून बसलेल्या नव्या नवरीसारखा, सगळा नक्षीने भरलेला. आणि मी इतकी वर्षं याच शहरात राहून त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. नोएमी म्हणाली, "खरंच कधी आला नव्हतात?" मी म्हटलं, "अगं, जे कुठे जाणार नाही ते बघायची घाई कोण करतं?" मग मठाजवळ ते मलई भरलेले गरम नाता खाल्ले, वर दालचिनी घालून. रांगेत पुढे घुसणाऱ्या एका माणसाला मी बाजूला काढला. माझ्या पिशवीची कड अजून तशीच टोकदार आहे.

आता संध्याकाळचं. गल्लीत कागदी पताका, दारोदारी शेगड्या, तारल्यांचा धूर, तो फोंसेकांचा मुलगा तीच ती गाणी लावतोय. माझा वाल्देमार बारेइरोहून आला होता दोन्ही पोरांना घेऊन. दोघं माझे नातू, सोन्यासारखे, पण मान खाली आणि बोटं फोनवर. नात मला नाही. म्हणून तुझी चार दिवस वापरतेय, झिजवून परत देणार नाही.

कोपऱ्यावर सब्ज्याच्या कुंड्या लागल्या होत्या, हिरवे गोल गोल गोळे, प्रत्येकात कागदी फूल खोचलेलं. बास्तियाँने एक घेतली माझ्यासाठी. चांगलं वळण आहे. आणि मला द्यायच्या आधी त्याने काय करावं? कुंडी उचलली, आणि नाक खुपसलं थेट आत!

गल्ली किंचाळली. इदालिना खिडकीतून, "अरे मेल्या! मारलंस त्याला!" फोंसेकाने गाणं थांबवलं. कुंडीवाली म्हणाली, "आता उद्यापर्यंत सुकणार बघा. मी बदलून देणार नाही." बिचारा मुलगा पांढराफटक, त्याला वाटलं काहीतरी देवाधर्माचं मोडलं. मी त्याला कसं सांगावं याचा विचार करतेय, तेवढ्यात नोएमी आली. हसत हसत तिने तळहात त्या गोळ्यावर हलकेच ठेवला, लहान बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा, दोनदा फिरवला, आणि मग स्वतःचा तळवा हुंगला. मग तोच तळवा त्याच्या नाकापुढे धरला. "असं. सब्ज्याला नाक लावायचं नसतं, रुसतो तो."

मी विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"आजीने. आमच्या बाल्कनीत असतो ना. दर जूनमध्ये तिसऱ्या बसस्टॉपवरच्या पोर्तुगीज दुकानातून आणते. पुढचा जून येईपर्यंत वाळलेला सुद्धा टाकू देत नाही. आई म्हणते, एवढा कचरा कशाला ठेवायचा. आजी म्हणते, कचरा असेल तर तुझ्या घरी."

मला आत जाऊन मीठ आणायचं होतं. मीठ टेबलावरच होतं, पण मी आत गेले.

बावीस वर्षं मी लोकांना सांगत होते, माझी बहीण फ्रेंच झाली. तिला इथलं काही नको. ऑगस्टमध्ये ती नवऱ्याच्या गावाला जाते, लिस्बन वगळून, सीमेवरून थेट. आणि तू तिकडे चौथ्या मजल्यावर दर वर्षी कुंडी लावून तळवा हुंगत होतीस.

आपण शेवटचं बोललो तो आईला पुरून आलो तो दिवस. तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "या खुराड्यात घरात संडाससुद्धा नाही. तो येईपर्यंत मी या पायऱ्या चढणार नाही." मी म्हटलं, "नको चढूस." एवढंच. दोघींपैकी कुणी जास्त बोललं असतं तर बरं झालं असतं, कमी बोलल्यामुळेच ते राहिलं.

कुंडी खिडकीत ठेवलीय. अजून सुकली नाही. मला वाटतं सब्ज्याने परदेशी म्हणून माफ केलं.

देओलिंदा


सोमवार, १६ जून

फेलिस्मीना,

आज सकाळी गेले दोघं. विमानतळाच्या बसमध्ये बसवून आले. घर केवढं मोठं झालंय एकदम.

शनिवारी सिंत्राला गेले होते ते एकटेच. मी म्हटलं, राजवाडे तुमचे तुम्ही बघा, माझे पाय संपले. परत येऊन बास्तियाँने तो लाल-पिवळा राजवाडा हातांनी करून दाखवला, इदालिना टाळ्या वाजवत होती. ती म्हणते, असला रंग आपल्या गल्लीत दिला असता तर नगरपालिकेने दंड केला असता.

आणि काल पलीकडे गेलो. बोटीने, कासिल्यासच्या. त्या बोटी तू गेल्यावर बदलल्या, पण पाण्याचा वास तोच, डिझेल आणि कालवं. नोएमी कठड्याला टेकून उभी होती, केस तोंडावर. मी तिला काहीच सांगितलं नाही. मनात मात्र सगळं चाललं होतं. ख्रिस्ताचं उद्घाटन झालं तो मे महिन्यातला रविवार. सगळं लिस्बन बोटींत घुसलं होतं आणि आईने आपल्याला सोडलं नाही, म्हणाली, एवढ्या गर्दीत पोरी बुडतील. आपण किल्ल्याच्या तटावरून पाहिलं. तू रडून रडून डोळे लाल केलेस. मग मी म्हटलं, आपण दोघी जाऊ, गर्दी नसेल तेव्हा. अगदी वर, त्याच्या पायापर्यंत, आणि त्याच्यासारखे हात पसरून उभ्या राहू. तू माझं कोपर धरून म्हणालीस, "माझ्याशिवाय एकटी गेलीस तर बघ."

मग काय. पुतळा कुठे पळून जात नव्हता. पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. तू शिवणाच्या कारखान्यात लागलीस, मला आर्मिंदो भेटला. मग तुझ्या आबेलला सैन्याचं बोलावणं आलं आणि तुम्ही दोघं थंडीत डोंगरातून चोरवाटेने फ्रान्सला गेलात, कुणाला सांगायला वेळ नव्हता. मला सुद्धा आठवड्याने कळलं.

आता बस थेट वर सोडते. जवळून तो इतका उंच आहे की मान दुखते. दोघं तिकीट काढायला गेले. नोएमी परत येऊन म्हणाली, "आजी, तीन काढते. लिफ्ट आहे, चढायचं नाही."

मी म्हटलं, "मला उंचावर गरगरतं."

तू हसशील. आयुष्यभर छपरावर कपडे वाळत घालणारी मी. आर्मिंदो म्हणायचा, हिला मांजरीने जन्माला घातलं. पण मी तशीच बाकावर बसून राहिले, पिशवी मांडीवर घेऊन. ते दोघं वर गेले, तिथून मुंगीएवढे दिसत होते, हात हलवत होते. मीही हलवला. शेजारी एक बाई बसली होती, सेतूबालची, म्हणाली, "तुम्ही नाही गेलात?" मी म्हटलं, "माझी बहीण यायचीय." ती म्हणाली, "उशीर झाला का हो त्यांना?" मी म्हटलं, "जरासा."

नोएमी खाली आली ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. हुशार आहे, तुझ्यावर गेलीय. म्हणाली, "आजीला पण गरगरतं. तिच्या खोलीत याचा फोटो आहे, एका जुन्या कॅलेंडरमधून कापलेला. आम्ही सुट्टीत कितीदा म्हटलं, जाऊ या बघायला. ती म्हणते, मला उंचावर गरगरतं."

तुला? तुला गरगरतं? तटावर एका पायावर उड्या मारायचीस तू!

मी काही विचारत नाही. मागणं तर नाहीच. फक्त लिहून ठेवतेय की मी एकटी गेले नाही. बाकापर्यंत गेले, ते धरत नाहीत.

जाताना नोएमीने मला असं काही मिठीत घेतलं की चष्मा वाकडा झाला. कानात म्हणाली, "तुम्ही पत्रं टाकताय ना आजीला? टपालपेटीजवळ बास्तियाँने पाहिलं." मी म्हटलं, "कुठली पत्रं?" ती म्हणाली, "छान. टाकत राहा."

देओलिंदा


मंगळवार, ८ जुलै

फेलिस्मीना,

पोस्टमन पायऱ्यांवरूनच ओरडला, "बाई, फ्रान्स!" इदालिना म्हणाली, "फोडू नकोस, मी खाली येते!" आणि खरंच आली, उशी खिडकीत टाकून. तिच्यासमोर फोडलं, दुसरा इलाज नव्हता.

आत एक कागद, आणि त्यावर तुझं ते तिरकं अक्षर. एवढंच:

"लिफ्ट कुठपर्यंत जाते?"

ना तारीख, ना कशी आहेस. इदालिना म्हणाली, "बावीस वर्षांत एवढंच सुचलं हिला?" मी तिला म्हटलं, "तू गप्प बस, तुला काय कळतंय, हे लांबलचक पत्र आहे." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की न्हावी बाहेर आला.

तर ऐक. लिफ्ट जाते थेट वर, जवळजवळ त्याच्या पायाशी. त्यानंतर थोड्या पायऱ्या आहेत, त्याला कठडा आहे, आणि मी विचारून आले. हो, परत गेले होते मी, एकटीच, नुसती विचारायला. तिकीट खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, गुडघे दुखणारी बाई वर जाऊ शकते का? ती म्हणाली, "किती वयाची?" मी म्हटलं, "धाकटी आहे." आणि तिथूनच परतले, वर पाहिलं सुद्धा नाही.

आता घराचं. आपल्या पायऱ्यांना लिफ्ट नाही, आणि तुझे गुडघे आबेलपेक्षा वाईट आहेत असं नोएमी सांगत होती. पण संताची मिरवणूक निघते तेव्हा पालखी याच पायऱ्यांवरून जाते ना? ती उचलणाऱ्या पोरांना मी विचारलं. फोंसेकांचा मुलगा म्हणाला, "संत केवढा जड असतो, काकू! त्यापुढे तुमची बहीण काय?" मी म्हटलं, "तू माझ्या बहिणीला पाहिलं नाहीस." तरी तयार झालेत. खुर्ची इदालिना देणार आहे, हातांची, गादीची. म्हणजे तू आल्फामात येशील ती खुर्चीत बसून, चार खांद्यांवर, आणि संपूर्ण गल्ली खिडकीत. तुला असलं आवडायचं नाही असं म्हणू नकोस. संताच्या रात्री कागदी कमान डोक्यावर धरून नाचताना तू दुसऱ्या कुणाला मधे उभं राहू द्यायची नाहीस.

आणि जे तुला आधीच सांगायला हवं होतं ते: संडास झालाय घरात. अठ्ठ्याण्णव साली. निळ्या टाइल्स, गरम पाण्याचा नळ, बसायला पांढरं झाकण. आर्मिंदोने स्वतः बसवला, जायच्या आदल्या वर्षी. पूर्ण झाल्यावर म्हणाला, "आता बहिणीला कळव." मी म्हटलं, तिने विचारलं तर कळवीन.

तू विचारलं नाहीस. पण लिफ्टचं विचारलंस, ते मी त्यातच धरते.

सब्जा उन्हाने खालून पिवळा पडायला लागलाय. टाकणार नाही.

देओलिंदा


रविवार, ३१ ऑगस्ट

फेलिस्मीना,

काल नोएमीचा फोन आला. मी तारल्या तळत होते, हात पिठाचे, फोन खांद्याने धरला. म्हणाली, "आजी, आम्ही परत येतो म्हटलं होतं ना, तिकिटं काढली." मी म्हटलं, "दोघांची?" ती म्हणाली, "तीन."

तारल्या करपल्या. करपू देत.

मी विचारलं, "तिसरी बोलते का माझ्याशी?" पलीकडे कुजबुज झाली, मग नोएमी म्हणाली, "ती म्हणतेय, फोनवर काय बोलायचं, समोर बोलू." आणि मागून तुझा आवाज आला, लांबून, खेकसलेला, "तिला सांग, खुर्चीवर बसून मी येणार नाही! मी चालत चढणार!"

चढ, बाई. विहिरीच्या वळणावर थांब, हात कमरेवर ठेव, गाल फुगव. मी वरच्या पायरीवर असेन, बटाटे नसतील हातात. खुर्ची मात्र तिथेच ठेवीन, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी.

इदालिना विचारतेय, किती दिवस राहणार, काय काय बघणार. मी म्हटलं, सगळं बघून झालंय, एकच राहिलंय. ती म्हणाली, "मला पण न्या." बघू. बोटीत जागा असली तर.

बाकीचं तू आलीस की बोलू. यायचा दिवस तेवढा इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मी असं म्हटलंच नव्हतं म्हणायला तुला वाव नको: शनिवार, वीस सप्टेंबर, दुपारच्या विमानाने, तिघं.